तिवर कोयत्याने मरत नाही, अडलेल्या पाण्याने मरतं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तिवरांबद्दलच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांबद्दलच्या, बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात, पण त्या बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. कुठेतरी कुणी तिवरं तोडली, नाहीतर कुठेतरी कुणी रोपं लावली. आमच्या खाडीकाठी तिवरांचा एक मोठा पट्टा उभ्याउभ्या वाळला, आणि तिथे कुणी एक फांदीही तोडली नव्हती. असं का होतं यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं. झाड कसं जगतं ते सांगितल्याशिवाय ते का मेलं हे समजावता येणार नाही.

मी रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या एका गावात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. सासरची शेती खारबांधाच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत आहे आणि बांध ओलांडला की तिवरं. त्यामुळे या झाडांशी माझा संबंध वर्गातून आहे तसाच घरातूनही आहे.

गावाचा रस्ता खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी जिथे येतं-जातं त्या चिखलाच्या सखल जमिनीतून, जातो. तो रुंद आणि उंच करायचं काम निघालं तेव्हा खाडीच्या एका फाट्यावरची जुनी दगडी मोरी काढून टाकली आणि तिच्या जागी सिमेंटचे दोन पाइप बसवून वर मुरुमाचा भराव घातला. एकही झाड तोडलेलं नाही, असं कामावरच्या माणसांनी आवर्जून सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण पाइप बसले ते खाडीच्या तळापासून गुडघाभर वर. भरतीचं पाणी पाइपांतून आत येतं, ओहोटीला पाइपांच्या तळापर्यंत उतरतं आणि तिथेच थांबतं. खालचं गुडघाभर पाणी निघून जायला वाटच नाही. पहिल्या पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेंडे बोडके झाले, मग साल सुटू लागली. आज भरावाच्या आतल्या अंगाला वाळकी खोडं उभी आहेत, आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की त्याच जातीची, त्याच वयाची झाडं हिरवीगार आहेत. तक्रारीनंतर पंचनामा झाला. तोडीच्या खुणा आढळल्या नाहीत, झाडं नैसर्गिक कारणाने वाळली असावीत, असं त्यात लिहिलं आहे.

हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आपण शाळेत शिकतो की झाडं प्राणवायू सोडतात. त्यातून पुष्कळांची अशी समजूत होते की झाडाला स्वतःला प्राणवायूची गरज नसते. तसं नाही. पान दिवसा अन्न तयार करताना प्राणवायू सोडतं हे खरं, पण मुळं अंधारात असतात, ती अन्न तयार करत नाहीत, आणि जमिनीतलं मीठ-पाणी निवडून घ्यायला त्यांना शक्ती लागते. ती शक्ती साखर जाळून मिळते, आणि साखर जाळायला प्राणवायू लागतो. शेतातल्या भुसभुशीत मातीत ढेकळांच्या फटींतून हवा खाली जाते म्हणून आंब्याच्या मुळांची अडचण होत नाही. खाजणातल्या चिखलात फटी नाहीत, होत्या तिथे पाणी भरलेलं. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद पसरतो. जो थोडा पोचतो तो वरच्या थरातले जिवाणूच संपवतात. खाजणात पाय रुतला की कुजक्या अंड्याचा वास येतो आणि चिखल खाली काळाकुट्ट निघतो, तो याचाच परिणाम. तिथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, जो मुळांना विषारी असतो.

अशा जागी तिवर उभं राहतं कसं? त्याची मुख्य मुळं खोल जातच नाहीत. ती चिखलाच्या वरच्या थरात आडवी, दोरखंडाच्या जाडीची, दूरवर पसरतात, आणि त्यांच्यावर थोड्याथोड्या अंतराने सरळ वर वाढणारी मुळं फुटतात. बोटभर जाड, टोकदार, साधारण वीतभर उंच. मूळ म्हटलं की खाली जाणारं, हे आपण धरून चालतो. इथे मूळ गुरुत्वाकर्षणाच्या उलट वर वाढतं, चिखलातून डोकं काढतं आणि हवेत उभं राहतं. एका मोठ्या झाडाभोवती अशी मुळं हजारोंनी असतात. आमच्याकडे पोरं त्यांना खुंट म्हणतात, पुस्तकात श्वसनमुळं.

मी वर्गात यातलं एक मूळ ब्लेडने आडवं कापून मुलांना दाखवायची. आतला गाभा पांढरा, हलका, स्पंजाळ दिसतो, कारण त्याचा बराचसा भाग पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांचा असतो. बाहेरच्या तपकिरी सालीवर बारीक फिकट ठिपके दिसतात. कापलेल्या टोकाला रबरी नळी घट्ट बसवून मूळ पाण्यात बुडवलं आणि नळीतून हळू फुंकलं की त्या ठिपक्यांतून बुडबुडे निघतात. हवा जाते, पण पाणी आत शिरत नाही, इतकी ती भोकं बारीक आणि पाणी झटकणारी असतात. या साध्या प्रयोगानंतर मुलांना पुढचं काही फारसं समजावावं लागत नसे. भाताच्या रोपाच्या मुळांतही हवेच्या अशा पोकळ्या असतात, म्हणून तर भात खाचरातल्या पाण्यात वाढतो आणि ज्वारी कुजते, हेही तिथेच सांगता येई.

आता महत्त्वाची गोष्ट. ही मुळं नुसत्या नळ्या नाहीत, भरती-ओहोटीच्या तालावर त्यांचं काम चालतं. पेर शोलांडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 1955 साली हे मोजून दाखवलं. भरतीला मुळं पाण्याखाली गेली की ठिपके बंद पडल्यात जमा. आतला प्राणवायू मुळं वापरत राहतात. त्यातून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड सहज पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे मुळातल्या पोकळ्यांमधला दाब कमी कमी होत जातो. ओहोटी लागून टोकं उघडी पडली की त्या कमी दाबामुळे बाहेरची ताजी हवा आपसूक आत ओढली जाते. म्हणजे भरतीने दाब कमी करायचा आणि ओहोटीने हवा भरायची. शोलांडर यांनी कांदळ या खारफुटीच्या दुसऱ्या जातीच्या, खोडापासून कमानी टाकत खाली उतरणाऱ्या आधारमुळांवरच्या ठिपक्यांना ग्रीस फासून पाहिलं. चिखलातल्या मुळांत पंधरा ते अठरा टक्के असलेला प्राणवायू दोन टक्क्यांवर आला. झाडाला ना कोयता लागला, ना कीड.

आमच्या फाट्यावर ग्रीसचं काम अडलेल्या पाण्याने केलं. मुळं वीतभर, पाणी गुडघाभर. ओहोटी झाली तरी टोकं हवेत येत नाहीत. साठवलेल्या हवेवर झाड काही तास सहज काढतं, कारण दर बारा-साडेबारा तासांनी ओहोटी येणार हे त्याच्या रचनेतच धरलेलं आहे. ती हवा आठवडेच्या आठवडे पुरत नाही.

झाडं परिस्थितीशी जुळवून घेतात, मग ही का घेऊ शकली नाहीत, असं मला एका अधिकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. तिवर जुळवून घेतंच. गाळ हळूहळू साचत गेला तर श्वसनमुळं लांब होत जातात. चिपी या खारफुटीच्या आणखी एका जातीची मुळं तर जाडही होत जातात आणि गाळाबरोबर पुष्कळ उंच वाढतात. पाण्याची पातळी वर्षावर्षाने थोडीथोडी चढली तर झाड खोडावरही मुळं काढू बघतं. पण हे सगळं वाढीने होतं, आणि वाढ म्हणजे नव्या पेशी, त्यांना अन्न आणि वेळ लागतो. जनावर उठून दुसरीकडे जातं, झाडाला नवा अवयव घडवूनच तोंड द्यावं लागतं. भराव एका महिन्यात झाला. एका महिन्यात वीतभर मुळं हातभर होत नाहीत, आणि व्हायची तर ती गुदमरलेल्या मुळांनीच व्हायची.

कोयत्याचं म्हणाल तर माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी चुलीला तिवराचीच लाकडं असत. पावसाळ्याआधी घराघरातून फांद्या तोडून आणत. ती झाडं पुन्हा फुटत. तिवराच्या खोडात झोपलेले डोळे असतात आणि जाडी वाढवणारा थर एकच नसून एकाबाहेर एक असे अनेक थर तयार होत जातात, त्यामुळे जखम झाली तरी झाड सावरतं. (म्हणूनच तिवराच्या खोडातली वलयं मोजून वय काढता येत नाही. सागाला लागू पडणारा हिशेब इथे चालत नाही.) कांदळाचं मात्र तसं नाही, त्याची मोठी फांदी तोडली तर ती सहसा फुटत नाही. तोडीचं समर्थन मी करत नाही, तोड गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण पंचनाम्याला फक्त कोयत्याचे घाव दिसत असतील, तर या झाडाला सर्वांत खात्रीने मारणारी गोष्ट कागदावर कधीच येणार नाही.

दुसरी अडचण मिठाची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. या पाण्यातून गोडं पाणी ओढून घ्यायचं तर साधारण 25 वातावरण इतक्या दाबावर मात करावी लागते. मोटारीच्या चाकात आपण भरतो ती हवा दोन-सव्वादोन वातावरणाची, यावरून अंदाज यावा. झाडाकडे पंप नाही. पानांतून पाणी बाष्प होऊन उडतं, त्याचा ताण खोडातल्या नळ्यांतून खाली मुळांपर्यंत पोचतो आणि तो ताणच पाणी ओढतो. शोलांडर यांनीच 1965 मध्ये खारफुटीच्या फांद्यांवर हा ताण मोजला, तो 30 ते 60 वातावरणांच्या घरात निघाला. मुळं बहुतेक मीठ बाहेरच थोपवतात. तरीही जे थोडं आत येतं ते तिवर पानांतल्या ग्रंथींमधून बाहेर टाकतं. सकाळी पान पाहिलं तर वरून चकचकीत हिरवं, खालून राखाडी, आणि अंगावर बारीक थेंब. ऊन चढलं की थेंबांच्या जागी मिठाचे कण राहतात. पान जिभेला लावून बघा म्हटलं की अकरावीच्या मुली आधी नाकं मुरडायच्या आणि मग एकीनं चाखलं की सगळ्या चाखायच्या. काजळा आणि मारांडी या खारफुटीच्या जातीही पानांतून मीठ टाकतात. चिपीला आणि कांदळाला अशा ग्रंथी नाहीत, त्यांचं जवळपास सगळं काम मुळांपाशीच होतं.

मुळांनी मीठ थोपवलं की ते कुठे जातं? मुळांभोवतीच्या चिखलात साठतं. पाणी आत, मीठ बाहेर, असं रोज चाललं तर चिखल अधिकाधिक खारट व्हायलाच हवा. तो होत नाही, कारण येणारी-जाणारी भरती ते मीठ धुऊन नेते. खेकड्यांची बिळंही इथे मोठं काम करतात, त्यांतून पाणी खोलवर फिरतं. पाणी अडलं की हे धुणं थांबतं. वर एप्रिल-मे मध्ये साचलेलं पाणी आटतं आणि मीठ मागे उरतं. समुद्रापेक्षा खारट पाण्यातही तिवर तग धरतं, ते या बाबतीत फार चिवट आहे, पण त्याची वाढ खुंटते. रोपांना तर समुद्राच्या निम्मं किंवा त्याहून कमी खारेपण सर्वांत मानवतं. म्हणजे आमच्या फाट्यावरच्या झाडांना पावसाळ्यात श्वास मिळेना आणि उन्हाळ्यात पाण्याजवळ उभं राहून पाणी मिळेना. याला नैसर्गिक कारण म्हणता येत नाही.

असं फक्त आमच्याकडे झालेलं नाही. कोलंबियात सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ता नावाचं मोठं खारं सरोवर आहे. 1950 च्या दशकात समुद्र आणि सरोवर यांच्यामधून महामार्ग काढला आणि पाण्याच्या वाटा बुजल्या. नंतर वरून येणारं नदीचं पाणीही वळवलं गेलं. चिखलातलं मीठ वाढत गेलं आणि चार दशकांत तिथलं निम्म्याहून अधिक खारफुटीचं जंगल मेलं. तिथेही झाडं कुऱ्हाडीने गेली नव्हती. शेवटी 1990 च्या दशकात बुजलेले कालवे पुन्हा उकरावे लागले. अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर 1950 आणि 60 च्या दशकांत डास हटवण्यासाठी खाजणांभोवती बांध घालून पाणी कोंडलं, तेव्हा तिवराच्याच कुळातली झाडं मेली. पुढे बांधांतून मोऱ्या काढल्या, पाणी हलू लागलं आणि झाडी परत आली. त्याच फ्लॉरिडातल्या रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, की आधी जमिनीची उंची आणि पाण्याची वाट दुरुस्त करा, रोपं बहुधा लावावी लागणारच नाहीत. त्याच्या निरीक्षणानुसार खारफुटीची जागा एकूण वेळेच्या साधारण तीस टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली असते. उरलेला सगळा वेळ ती उघडी असावी लागते. आपण मात्र खारफुटी म्हणजे पाण्यातली झाडं असं समजून तिला पाण्यात उभी करतो.

आमच्या फाट्यावर नेमकं तेच झालं. झाडं वाळल्याची ओरड झाल्यावर 26 जुलैला, आंतरराष्ट्रीय कांदळवन दिनाला, त्याच कोंडलेल्या पाण्यात पिशवीतली रोपं लावण्यात आली. शाळेची मुलं आली होती, चिखलात उतरली होती, मनापासून राबली. दिवाळीपर्यंत त्यातलं एकही रोप उरलं नाही. मोठ्या झाडांची मुळं वीतभर तरी वर असतात, रोपाला तीही नसतात. आता त्याच जागेवर पुन्हा रोपणाचा प्रस्ताव आहे असं कळतं, आणि माझा त्याला विरोध आहे. मुलांच्या हातून मरायला घातलेली रोपं लावून घेऊ नयेत.

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या शेताजवळ बघायला मिळते. रायगडातल्या खारभूमीच्या शेतकऱ्यांचं दुखणं वाचकांना माहीत असेल. बांधाला खांड जाते, वेळेवर बुजत नाही, उधाणाचं, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं, पाणी भातात शिरतं, आणि दोन-चार वर्षांत शेतात तिवरं उभी राहतात. मग ते शेत परत मिळणं कठीण होऊन बसतं. माझ्या दिरांचा एक तुकडा असाच गेला. तो राग मला परका नाही, आणि शहरातून तिवरांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. पण त्या तुकड्यात तिवर कुणी लावलं? कुणीच नाही. खांडीतून पाणी येत होतं आणि पूर्ण बाहेर जात होतं, एवढंच.

कारण तिवराचं बी पडतं तेव्हा ते बी राहिलेलंच नसतं. फळ झाडावर असतानाच आतला गर्भ वाढू लागतो. पावसाळ्यात पडलेलं एखादं फळ उचलून पाहा. चपटं, करड्या-हिरव्या रंगाचं, अंगठ्याच्या पेराएवढं. पाण्यात भिजलं की पातळ साल सुटते आणि आत एकात एक दुमडलेली दोन जाड, मांसल दलं दिसतात. त्यांच्यामधून मुळाचं टोक आधीच बाहेर आलेलं असतं, त्यावर मऊ लव असते. कांदळ तर याच्या पुढे जातं. त्याचं रोप झाडावर लोंबतच हातभर लांब होतं, मग गळून पडतं. भरती ही रोपं वाहून नेते. पण रुजायला तिवराच्या रोपाला काही दिवस सलग असे मिळावे लागतात की पाणी येऊन त्याला उचलून नेणार नाही. भांगाच्या दिवसांत भरती कमी चढते, वरचा चिखल उघडा राहतो, आणि तेवढ्या अवधीत मूळ चिखलात घुसून धरून ठेवतं. आमच्या खाडीत रोपांचा तुटवडा कधीच नाही. पावसाळ्यात ती काठाला थराने लागतात. तुटवडा आहे तो उघड्या चिखलाचा. कोंडलेल्या पाण्यात रोप तरंगत राहतं, त्याला पाय टेकायला जागा मिळत नाही, आणि शेवटी कुजतं.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर तिवरांच्या तोडीला आणि त्यांच्यावर राडारोडा टाकण्याला मनाई केली, 2018 च्या निकालाने ती कायम केली आणि तिवरांभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. 2012 पासून वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. देशाच्या वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात राज्यातलं कांदळवन 324 चौरस किलोमीटर नोंदलं आहे आणि ते वाढतं आहे, याचा मला आनंद आहे. पण उपग्रहाच्या चित्रात आमच्या फाट्यासारखे पट्टे उशिरा दिसतात. झाड मेल्यावर दिसतात. पाणी अडल्याच्या दिवशी काहीच दिसत नाही, सगळं हिरवंच असतं, आणि खरं तर दुरुस्ती तेव्हाच करायची असते.

तेव्हा पंचनाम्याच्या नमुन्यात तोडीच्या खुणांबरोबर पाण्याची वाट हा रकाना हवा. भरती कुठून येते, ओहोटीला पाणी कुठे अडतं, किती खोल साचतं, एवढं लिहिलं तरी पुरे. रस्ता, बांध किंवा पाइपलाइन खाजणातून जात असेल तर मोरीचा तळ खाडीच्या तळाशी असावा, आणि मोरीचं तोंड पूर्वीच्या मोरीपेक्षा लहान नसावं. मी अभियंता नाही, पण जुनी दगडी मोरी बांधणाऱ्यांनी तळ नेमका कुठे ठेवला होता ते गावातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. खारबांधाच्या उघाड्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणारी दारं, दुरुस्त ठेवणं हेही याच कामाचा भाग आहे. उघाडी नीट चालली तर आतलं पावसाचं पाणी वेळेवर निघतं, समुद्राचं आत येत नाही, शेतही वाचतं आणि बांधाबाहेरची तिवरंही. शेतकरी विरुद्ध तिवर हे भांडण पुष्कळ ठिकाणी उघाडी आणि खांड यांच्या हयगयीतून पेटलेलं आहे.

वाचकांपैकी कुणाच्या गावी अशी वाळणारी तिवरं असतील, त्यांनी उधाणाच्या दिवशी ऐन ओहोटीला तिथे जाऊन उभं राहावं. बाहेरच्या खाडीचा तळ दिसत असताना झाडांखालचे खुंट पाण्यात बुडालेले असले, तर कारण सापडलं. फोटो काढावा, काठी रोवून पाण्याची खोली मोजावी, तारीख आणि वेळ लिहावी. असा कागद जोडून दिलेला अर्ज 'नैसर्गिक कारण' म्हणून फेटाळणं सोपं नसतं.

आमच्या रस्त्याचं रुंदीकरण आता पुढच्या फाट्यापर्यंत आलं आहे. तिथली जुनी मोरी अजून शाबूत आहे आणि तिच्या आतली तिवरं उत्तम आहेत. पावसाळा संपला की भराव पडणार. त्याआधी संबंधित खात्याने ओहोटीला येऊन मोरीचा तळ मोजावा, आणि त्या वेळी रोज तिथे निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला उतरणाऱ्या बायकांना सोबत घ्यावं. पाणी कुठून येतं आणि कुठवर उतरतं, ते त्या बोट ठेवून दाखवतील. पहिल्या फाट्यावरचे दोन पाइपही त्याच खेपेला काढून खाली बसवावेत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
ता. अलिबाग, जि. रायगड